बाबांचे सदरे आणि एक विकर

बाबांना घरात डांबराच्या गोळ्या चालत नसत. गाद्यांच्या पेटीत नाही, लोकरीच्या कपड्यांत नाही, न्हाणीघराच्या जाळीवरसुद्धा नाही. आई सगळा संसार यावरून त्यांच्याशी वाद घालत आली. "साऱ्या जगाच्या कपाटात असतात त्या. तुमचंच नाक काय वेगळं घडवलंय?" ती विचारायची. बाबा पेपरातून मान न काढता म्हणायचे, "जगाच्या कपाटात मला राहायचं नाही." मग आई कडुलिंबाचा पाला वाळवून घड्यांमध्ये घालायची आणि कसर लागलेली एखादी शाल दरवर्षी बाबांना बरोबर दिसेल अशी दोरीवर टाकायची.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. मूळचे पूर्व विदर्भातले, भातखाचरं आणि जंगल यांच्या मधल्या एका गावचे. नोकरी त्यांना पुण्यात घेऊन आली आणि बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटने इथेच ठेवून घेतलं. कचेरीतून आले की ते पँट-शर्ट काढून पांढरा सुती सदरा घालत. त्या सदऱ्यांना बाहेर जायची परवानगी नव्हती. धुऊन धुऊन ते इतके मऊ झाले होते की हातात घेतले तर वजन लागत नसे.

मला सातवा महिना लागला होता तेव्हा बाबा गेले. सकाळचा चहा झाला होता, हृदय बंद पडलं. त्याबद्दल याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विदर्भातले पाहुणे परतले आणि त्याच आठवड्यात आईने वाण्याकडून डांबर गोळ्यांचं पाकीट आणलं. बाबांचे सगळे सदरे तिने लोखंडी पेटीत रचले, प्रत्येक थरात गोळ्या टाकल्या. मी बघत राहिले. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "आता त्यांचं काही कसरीला द्यायचं नाही मला."

आमच्याकडे तान्ह्या बाळाला नामकरणापर्यंत नवं कापड घालत नाहीत. मी बाळंतपणासाठी माहेरीच होते, म्हणून आईने पेटीतले सर्वांत मऊ सदरे काढले आणि शिलाई मशीनवर झबली, टोपडी, दुपटी शिवायला बसली. नवऱ्याने मॉलमधून छोट्या छोट्या अस्वलांची चित्रं असलेले कपडे आणले होते. आईने ते कौतुकाने पाहिले आणि वरच्या फळीवर ठेवून दिले.

"बाबा असते तर म्हणाले असते, ही अंधश्रद्धा आहे," मी म्हणाले.

"बाबा असते तर सदरे अंगात घालून बसले असते. मग मी काय शिवलं असतं?" आई म्हणाली. "आणि अंधश्रद्धा नाही बाई. नवं कापड टोचतं. एवढं साधं आहे."

शिवलेली झबली पुन्हा त्याच पेटीत गेली. मी कधी कधी पेटी उघडून वाकून वास घ्यायची. डांबराचा उग्र वास आधी यायचा आणि त्याच्या खाली, लक्ष दिलं तर, बाबांचा.

मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आलो. मालिशवाल्या बाई सकाळी यायच्या, त्याला खोबरेल तेलाने अंगभर चोळायच्या, शेक द्यायच्या आणि तेलाने चकाकणाऱ्या त्या अंगावर आई आजोबांचं झबलं चढवून वर दुपट्यात घट्ट गुंडाळायची. दोनच दिवसांत तो पिवळा दिसायला लागला. सगळ्यांनी सांगितलं, होतंच असं, कोवळ्या उन्हात धरा. आम्ही गॅलरीत उन्हात धरला. पिवळेपणा चेहऱ्यावरून छातीवर, छातीवरून पायांवर उतरत गेला. मग तो दूध ओढेनासा झाला. तळवे पिवळे दिसले त्या दुपारी नवरा हिंजवडीहून कंपनीच्या बसची वाट न पाहता रिक्षाने आला आणि त्याच रिक्षाने आम्ही मुलांच्या दवाखान्यात गेलो.

तिथे दारावर पाटी होती: "भेटायला येणाऱ्यांनी चपला व सल्ले बाहेर काढून ठेवावेत." आतल्या डॉक्टरबाई पाटीला शोभतील अशाच होत्या. त्यांनी बाळाला उघडं केलं, बोटाने त्याची कातडी दाबली, रक्त तपासायला पाठवलं, आणि मग काढलेलं झबलं उचलून नाकाशी नेलं.

"डांबर गोळ्या?"

"पेटीत असतात," आई म्हणाली. "जपून ठेवायला."

"फार छान जपलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "तुमच्या माहेरी कुणाला अशी कावीळ झाली होती का? लघवी काळी होणं, एखाद्या गोळीने त्रास होणं? पुरुषांमध्ये मुख्यतः."

मला काही आठवेना. आई मात्र भिंतीला टेकली. तिने सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाबांची नेमणूक जंगलातल्या एका कालव्यावर होती. तिथे सगळ्यांना हिवतापाच्या गोळ्या देत. बाबांनी त्या घेतल्या आणि त्यांची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे हळदीसारखे. गावातल्या वैदूने काविळीचं औषध दिलं, ते बरे झाले, आणि पुन्हा कधी ती गोळी त्यांनी हातात धरली नाही.

"मला वाटलं, कावीळ," आई म्हणाली. "कावीळ तर कोणालाही होते."

डॉक्टरबाईंनी आम्हाला सांगितलं की बाळाच्या तांबड्या पेशी फुटताहेत, फुटलेल्या पेशींचा पिवळा रंग त्याच्या कोवळ्या यकृताला आवरत नाही, आणि तो असाच वाढला तर मेंदूत शिरतो. तिथे शिरला तर बऱ्याचदा पहिल्यांदा कान जातात. निळ्या दिव्याखाली ठेवून भागणार नाही, रक्त बदलावं लागेल.

"त्याआधी त्याचं थोडं रक्त काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "नंतर काढलं तर उत्तर रक्त देणाऱ्याचं येईल, याचं नाही."

त्या वाक्याने मी भीतीतही थबकले. रक्त बदलल्यावर उत्तर दुसऱ्याचं येईल, म्हणजे प्रश्न नक्की काय होता?

नाळेच्या शिरेतून थोडं रक्त बाहेर, तितकंच दुसऱ्याचं आत, असं ते काम बराच वेळ चाललं. दोन दिवसांनी काविळीचे आकडे उतरले. तोवर आधी काढलेल्या रक्ताचा निकालही आला: एका विकराची कमतरता. विकर म्हणजे एन्झाइम. या विकराचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला नुसतं जी-सिक्स-पी-डी म्हणतात. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी टाळायच्या औषधांची नावं सांगितली, डांबर गोळ्या घरातून हद्दपार करायला सांगितल्या आणि म्हणाल्या, "रक्त सावरलं. कानांचं मी आज सांगू शकत नाही. तीन महिन्यांचा झाला की तपासायला न्या."

*

मी तेव्हा हिंजवडीतल्या एका कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचे. सॉफ्टवेअर बनवणारे वेगळे असत. ते कसं चालतं हे त्यांना विचारून, अनेकदा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या झेलून, साध्या भाषेत मांडणं हे माझं काम. स्वतः न बनवलेलं यंत्र समजून घ्यायची मला सवय होती. बाळंतपणाच्या रजेत मी याच सवयीने त्या विकरामागे लागले. बाळ झोपलं की घरातल्या कॉम्प्युटरवर बसायचं, इंटरनेट तुटेपर्यंत वाचायचं, तुटलं की वाचलेलं मनात लावायचं. कान चांगले आहेत की नाहीत हे कळायला महिने होते आणि ते नुसतं थांबून काढणं मला शक्य नव्हतं.

तांबडी पेशी मला आधी समजून घ्यावी लागली. ती विचित्र आहे. शरीरातल्या इतर पेशींना केंद्रक असतं. त्यात सगळ्या कृती लिहिलेल्या असतात, एखादा भाग झिजला की नवा बनवता येतो. तांबडी पेशी रक्तात उतरायच्या आधीच आपलं केंद्रक टाकून देते, म्हणजे प्राणवायूसाठी जागा होते. त्यानंतर ती साधारण चार महिने जगते ती निघताना बरोबर घेतलेल्या शिदोरीवर. नवं काहीही बनवता येत नाही. जे विकर बरोबर आलं तेच शेवटपर्यंत पुरवायचं.

आणि काम तर असं, की ज्या प्राणवायूची ने-आण करायची तोच पेशीला आतून गंजवतो. या गंजाशी लढायला जे लागतं ते या विकरामुळे मिळतं. साखरेचा एक रेणू त्याच्याकडे येतो. विकर त्यातला हायड्रोजन काढून घेतं आणि एका छोट्या वाहकाच्या हातात देतं. तो वाहक तो पुढे पोचवतो आणि त्या जोरावर पेशी गंज पुसून काढते. शरीराच्या इतर पेशींना यासाठी आडवाटा आहेत. तांबड्या पेशीला ही एकच वाट. डांबर गोळीतला पदार्थ कातडीतून आणि श्वासातून आत जातो, तेल लावलेल्या कातडीतून तर सहज जातो, आणि शरीरात त्याचे तुकडे होताना एकदम खूप गंज तयार होतो. ज्याचं विकर धडधाकट आहे त्याला जाणवतही नाही. म्हणून तर साऱ्या जगाच्या कपाटात गोळ्या असतात.

मला वाटलं होतं, कमतरता म्हणजे विकर बनतच नसेल. तसं नव्हतं. ते बनतं. पण विकर म्हणजे घड्या घालून बसलेली पाचशेच्या वर दुव्यांची साखळी, तिच्यात एखादा दुवा वेगळा पडतो आणि घडी सैल बसते. नव्या पेशीत ते बऱ्यापैकी काम करतं. पेशीचं वय वाढतं तसं ते लवकर विस्कटतं आणि बदली तर मिळत नसते. म्हणून आधी म्हाताऱ्या पेशी फुटतात. हे वाचून मी डॉक्टरबाईंचं वाक्य पुन्हा आठवलं. माझ्या मुलाच्या अंगात आता कुणा अनोळखी माणसाच्या पेशी फिरत होत्या, त्यांच्यात त्या माणसाचं मजबूत विकर होतं, आणि ते त्याच्यासाठी काही आठवडे राबून संपणार होतं. कुणाचं होतं ते मला कधीच कळणार नाही.

एका संकेतस्थळावर त्या विकराचं चित्र सापडलं. माऊसने फिरवता येत होतं. रंगीत फितींचा गुंता, कुठे सुरळ्या, कुठे सपाट पट्ट्या. पण फिरवत राहिलं की गुंत्यात शिस्त दिसायची. दोन सारखेच भाग पाठीला पाठ टेकवून बसलेले. एकटा भाग कामाचा नाही, दोन टेकले की काम सुरू. प्रत्येक भागात एक खोबण, तिथे साखर येऊन बसते. आणि खोबणीपासून दूर, जिथे पाठी टेकतात त्याच्या जवळ, आणखी एक रेणू बसलेला. तो त्या वाहकाच्याच जातीचा, पण ने-आण करत नव्हता.

आई चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिली. "हेच का ते?"

"हेच. इथे साखर येते. हा हायड्रोजन घेऊन जातो."

"आणि हा? कोपऱ्यातला?"

"हा काही करत नाही. नुसता बसून असतो."

"मग तुझ्या बाबांसारखा. रिटायर झाल्यावरचा."

मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. मग मी सांगितलं की तो तिथून निघाला तर दोन्ही भागांची घडी सुटते. सगळ्यात वाईट प्रकारचे बिघाड बऱ्याचदा त्याच्या आसपासच असतात, असं लिहिलंय. आईने चहाचा कप ठेवला, साडीच्या पदराने टेबलावरचा ओघळ पुसला आणि आत गेली.

आई त्या दिवसांत सगळं करायची. माझं खाणं, बाळाचं पाणी तापवणं, उकळून वाळवलेले लंगोट. पेटी तिने रिकामी करून भंगारवाल्याला दिली होती. सदरे साबणाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन गच्चीवर टाकले होते आणि आता ते उघड्या फळीवर होते. मालिशवाल्या बाईंना तिने "आता नका येऊ" म्हणून सांगितलं. पण बाळाला ती मांडीवर घेत नव्हती. त्याला माझ्याकडे द्यायची वेळ आली तर दुपट्यासकट उचलून, जणू दुसऱ्याची काचेची वस्तू आहे अशी, द्यायची आणि हात मागे घ्यायची. मी एकदा म्हणाले, "आई, कुणालाच माहीत नव्हतं."

"त्यांना होतं," ती म्हणाली. "नाकाला होतं. मी ऐकलं नाही."

मी शोधलं होतं आणि मला तसं काही सापडलं नव्हतं. या कमतरतेच्या माणसाला डांबराचा वास जास्त खुपतो असं कुठे लिहिलेलं नव्हतं. कदाचित बाबांना त्या गोळ्यांजवळ कधी बरं वाटलं नसेल आणि त्यांनी शब्द न देता ते लक्षात ठेवलं असेल. कदाचित नुसता वास आवडत नसेल. आवडीनिवडींचं कारण ज्याला विचारायचं तो माणूस आता नव्हता.

जे सापडलं ते वेगळंच होतं. या विकराची कृती एक्स गुणसूत्रावर असते. बाप आपला एकुलता एक एक्स मुलीलाच देतो, मुलाला देऊ शकत नाही. मुलीकडे दोन एक्स, म्हणून तिला बहुतेक वेळा काही जाणवत नाही. तिच्या रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळून फिरतात. मग तिच्या मुलाला दोनपैकी कोणता जाईल हे नाणं उडवल्यासारखं. माझ्या मुलाला बाबांचा गेला होता. हिवताप जिथे पिढ्यान् पिढ्या होता तिथे ही बिघडलेली कृती टिकून राहिलेली दिसते, कारण हिवतापाच्या जंतूला अशा सैल विकराच्या पेशीत नीट वाढता येत नाही. भातखाचरांच्या आणि जंगलाच्या मधल्या त्या गावात बाबांचे कोणी पूर्वज याच्यामुळेच वाचले असतील. मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, म्हणजे आपल्याकडे लेगसी कोड आहे. त्या काळात बरोबर होता, आता क्रॅश होतोय." मी त्याच्यावर चिडले. नंतर वाटलं, बाबांना हे वाक्य आवडलं असतं, फक्त लेगसी म्हणजे काय ते विचारलं असतं.

सगळं कळत गेलं तरी एक गोष्ट कुठल्याच पानावर नव्हती. माझ्या मुलाला ऐकू येतं का?

मी घरात ताटली वाजवून बघायची. तो दचकायचा, किंवा त्याच वेळी हात उडवायचा. दार आपटायचं आणि तो शांत. पुढच्या वेळी आपटायच्या आधीच रडायचा. एका दिवशी मी ठाम असायची की येतं, दुसऱ्या दिवशी तितकीच ठाम की येत नाही.

*

कानाच्या तपासणीला बाळ झोपलेलं लागतं. कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवतात, कानात टिकटिक सोडतात आणि मेंदू उत्तर देतो का ते यंत्र बघतं. जागं बाळ वळवळलं की यंत्राला काही कळत नाही. म्हणून सांगितलं होतं, सकाळपासून झोपू देऊ नका, इथे आणून झोपवा. बिबवेवाडीपासूनच्या खड्ड्यांनी तो रिक्षात गाढ झोपला. आम्ही गुदगुल्या केल्या, पाण्याचा हात फिरवला. तपासणीच्या खोलीत शिरलो आणि तो टक्क जागा झाला आणि रडायला लागला.

मी पाजलं, थोपटलं, फिरवलं. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी वायरी हातात धरून बराच धीर धरला. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या अंगाला दुधाचा वास येतो, तो काही झोपणार नाही. आजींकडे द्या."

"माझ्याकडं नको," आई म्हणाली.

"आजी, बाहेर माझी रांग लागलीये."

आईने हात पुढे केले ते असे, की मीच घाबरले. तिने त्याला छातीशी धरलं. तो आणखी मोठ्याने रडला. आणि ती हळू आवाजात त्याला रागवायला लागली, तिच्या गावच्या बोलीत, जी ती पुण्यात फक्त भावाशी फोनवर बोलायची. "काहून रडतं रे पोट्ट्या? कोणं मारलं तुले? लोकं पाहून राहिले ना. काय म्हणतील, कोणाचं पोट्टं हाय हे?"

रडणं थांबलं. आई दचकून गप्प झाली. लगेच त्याचा पुन्हा सूर लागला. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. तंत्रज्ञ बाई यंत्राकडे वळल्या होत्या, पण मी बघत होते. कदाचित तो झुलण्याने थांबत असेल. आई बोलताना झुलत होती.

"आई," मी म्हणाले, "हलू नकोस. नुसतं बोल."

तिला समजलं. ती खांबासारखी उभी राहिली. त्याला तिने तोंड माझ्याकडे असं फिरवून धरलं, म्हणजे तिचे ओठ त्याला दिसणार नाहीत. तो रडत होता. मग ती त्याच्या डोक्यामागून, अगदी हळू, जेमतेम मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "काहून रे?"

तो थांबला. मान अजून त्याला नीट सावरत नव्हती, तरी ती आवाजाच्या दिशेने वळायला लागली.

आईने पुन्हा केलं. मग आणखी एकदा. पाचव्यांदा-सहाव्यांदा त्याला झोप आली आणि ती बोलतच राहिली. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "आजी, आता बंद. यंत्राला त्याचं ऐकायचंय, तुमचं नाही." कागदावर बारीक लाटा उमटल्या, एका कानाच्या, मग दुसऱ्याच्या. मला त्या वाचता येत नव्हत्या. मी बाईंचा चेहरा वाचत होते.

"दोन्ही कान चांगले आहेत," त्या म्हणाल्या आणि वायरी काढू लागल्या. "डॉक्टर सही करतील, पण मी सांगते."

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "आता घरात जपून बोलावं लागेल."

मी त्याला घ्यायला हात पुढे केले. तिने दिला नाही. "तू रिक्षा बोलव," ती म्हणाली.